थांबायचे पैसे

दर ६ जानेवारीला आमच्या घरात एक नारळ येतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली त्या तारखेला ‘दर्पण’ काढलं, म्हणून महाराष्ट्रात तो पत्रकार दिन. आणि पत्रकार दिन म्हटला की शाल, श्रीफळ, गुलाबाचं एक फूल आणि दोन तास भाषणं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, १९७२ साली कोल्हापुरातल्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागले आणि २००६ साली वृत्तसंपादक म्हणून निवृत्त झाले. तेव्हापासून त्यांना इतक्या शाली मिळाल्यात, की तेवढी थंडी कोल्हापुरात पडत नाही.

यंदा नारळाबरोबर घरात आणखी एक कागद आला. माझ्या पुतणीचं ऑफर लेटर. ती २६ वर्षांची आहे. शहर आणि करवीर तालुक्याच्या बातम्या देणारं स्वतःचं यूट्यूब चॅनेल चालवते, त्याला साठेक हजार सबस्क्रायबर आहेत. आजोबांचा सत्कार चित्रित करायला तीही कार्यक्रमाला आली होती. दारात तिला कार्ड विचारलं गेलं. तिच्याकडे कसलंच कार्ड नव्हतं. “त्या सत्कारमूर्तींची नात आहे,” असं सांगितल्यावर आत सोडलं. पत्रकार म्हणून नव्हे, नातेवाईक म्हणून.

एकाच घरातल्या तीन पिढ्या एकाच धंद्यात, असं लोक कौतुकानं म्हणतात तेव्हा मी गप्प बसतो. धंदा एक कुठला? आबा पगारावर जगले, मी कंत्राटावर, आणि ही व्ह्यूजवर.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं विषय काढला. “आबा, मी पुण्याला जाणाराय. नोकरी लागलीय.”

मला वाटलं, आबा पेढे मागवतील. पण त्यांनी शालीची घडी घालता घालता विचारलं, “का? चॅनेल बुडालं काय?”

“बुडालं नाही.”

“मग दुसऱ्याच्या दारात कशाला जातीस?”

“पीएफसाठी,” ती म्हणाली.

या वादात म्हाताऱ्यानं नोकरीची बाजू घ्यायची आणि तरुणानं स्वातंत्र्याची, हे आपल्याला सवयीचं. आमच्या घरात ते उलटं झालं. आबा स्वतःच्या धंद्याची बाजू घेऊन बसले आणि पोरगी महिन्याच्या पहिल्या तारखेची. ते का, हे कळायला मला रात्रीचे साडेबारा वाजले.

“मुकुंदराव पाटलांचं नाव ऐकलंयस?” आबांनी सुरुवात केली. “नेवासे तालुक्यात तरवडी म्हणून गाव आहे. तिथनं ‘दीनमित्र’ चालवला त्यांनी. १९१० ते १९६७. खेड्यातनं, सत्यशोधकांचं साप्ताहिक. पुण्या-मुंबईच्या कुठल्या शेठजीच्या दारात उभं राहिले नाहीत. तुझ्याकडं तर खिशात छापखाना आहे, पोस्टाचं तिकीट लागत नाही, कागद लागत नाही. आणि तू नोकरी मागतीस?”

“‘दीनमित्र’चा मालक कोण होता, आबा?”

“तेच की.”

“माझ्या चॅनेलचा मालक कॅलिफोर्नियात बसलाय.”

मग तिनं आपल्या धंद्याचा हिशेब मांडला. मी तिचा काका असून मला तो पहिल्यांदाच नीट कळला. जाहिरातींचे पैसे मिळायला आधी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात लोकांनी बघितलेले ४,००० तास व्हावे लागतात. मोठ्या व्हिडिओवर जी जाहिरात लागते तिच्या पैशातले ५५ टक्के चॅनेलला, बाकीचे यूट्यूबला. पण जाहिरात कुठली लागणार, तिचा दर काय, व्हिडिओ किती लोकांपुढे सरकवला जाणार, यातलं काहीही तिच्या हातात नाही. पुराच्या पाण्यात वाहून आलेल्या जनावरांचा व्हिडिओ टाकला की डॉलरचं चिन्ह पिवळं होतं. म्हणजे जाहिराती जवळपास बंद. का, ते मशीन ठरवतं. दाद मागता येते, माणूस तपासतो म्हणतात, पण तोवर बातमी शिळी झालेली असते.

“जूनमध्ये १९ हजार आले. जुलैत पूर आला, ४७ हजार. सप्टेंबरात ६ हजार. आता सांगा, घरभाडं कुठल्या महिन्यावर बेतू? पूर येऊ दे म्हणून अंबाबाईला नवस बोलू?”

आबा हसले. “मालक आमचाबी होता. त्याच्या पाहुण्याचा साखर कारखाना होता. त्या कारखान्याच्या सभासदांची एक ओळ आम्ही ३४ वर्षांत छापली नाही. सगळ्या गावाला ठाऊक, फक्त आमच्या वाचकाला नाही. तुला निदान ती अडचण नाही.”

“आहे की. वेगळ्या नावानं आहे. परवा एकानं महिन्याला २५ हजार देतो म्हणून सांगितलं. बातमी चुकीची द्यायची नाही, फक्त ‘पॉझिटिव्ह’ द्यायची.”

इथं मला राहवलं नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत जे झालं, ते मी डेस्कवर बसून पाहिलेलं आहे. उमेदवारांसाठी ‘पॅकेज’ होती, बातमीच्या कपड्यात जाहिरात होती. पुढे प्रेस कौन्सिलनं दोघांची समिती नेमली, अहवाल झाला, ‘पेड न्यूज’ हा शब्द रुळला. त्या आधीपासून तालुक्याचा वार्ताहर वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करून त्यांच्या कमिशनवरच जगत होता. बातमीचे पैसे त्याला नावापुरते. ज्या सरपंचाची भानगड लिहायची, त्याचाच अर्धं पान वाढदिवस मागायला जायचं. त्यामुळे पोरीला २५ हजारांची लालूच दाखवणारा काही नवीन माणूस नव्हे. पूर्वी तो जाहिरात विभागाच्या दारानं यायचा, आता थेट फोनवर येतो, एवढंच.

“जांभेकर २० वर्षांचे होते ‘दर्पण’ काढला तेव्हा,” आबांनी पुन्हा मूळ धरलं. “तुझ्याहून लहान.”

“आणि ‘दर्पण’ किती वर्षं चालला?”

“आठ. १८४० ला बंद.”

“आणि त्यांचा पगार कुठनं यायचा?”

आबा थांबले. त्यांना उत्तर माहीत होतं. जांभेकर शिक्षणाच्या कामात नोकरीला होते, पुढे एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाले. मराठी पत्रकारितेचा जनक पत्रकारितेवर जगत नव्हता. लोकहितवादी सरकारी न्यायखात्यात होते, त्यांची शतपत्रं टोपणनावानं ‘प्रभाकर’मध्ये आली. टिळक-आगरकरांनी ‘केसरी’ काढला तेव्हा ते न्यू इंग्लिश स्कूलमधले मास्तर. आणि पेपरनं त्यांना पहिल्यांदा ठळक काय मिळवून दिलं असेल, तर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस. तेही आमच्याच कोल्हापूरच्या प्रकरणावरून.

“म्हणजे बघा,” ती म्हणाली, “पोटाला एक आणि पेपरला एक, असंच होतं सगळ्यांचं. निव्वळ बातमीवर पोट भरणारी माणसं मधल्या काळात झाली. त्यातले तुम्ही एक. आणि तुम्हीच मला सांगताय नोकरी करू नकोस म्हणून.”

हे तिचं बोलणं मला फार नेमकं वाटलं. पत्रकारितेतलं करिअर संपत चाललंय असं आपण म्हणतो, तेव्हा ते अनादि काळापासून चालत आलेलं होतं असं गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते एका माणसाच्या आयुष्याएवढंच लांब आहे. श्रमिक पत्रकारांचा कायदा १९५५ चा. त्याच्या आधारानं वेतन आयोग बसले आणि उपसंपादकाला बँकेतल्या कारकुनाशेजारी बसण्याची ऐपत आली. आबा अजून आपलं आयुष्य आयोगांच्या नावानं मोजतात. “पालेकरनं स्कूटर दिली, बच्छावतनं घर दिलं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पालेकर १९८० चा, बच्छावत १९८९ चा. बच्छावतनं दिलेल्या त्याच घरात आम्ही हे बोलत बसलो होतो.

मला आयोगानं काही दिलं नाही. मी १९९९ साली लागलो, तोवर कंत्राट आलं होतं. मजीठिया आयोगाच्या शिफारशी २०११ साली अधिसूचित झाल्या, २०१४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्या उचलून धरल्या. पण मधल्या काळात आमच्या टेबलावर एक छापील कागद फिरला होता. ‘आहे त्या पगारात मी समाधानी आहे, नवा नको.’ परिच्छेद २० (जे) म्हणायचे त्याला. मीही सही केली. २०१७ साली न्यायालयानं सांगितलं, की अशी सही घेऊन आयोगापेक्षा कमी पगार देता येत नाही. तोवर हिशेब मागण्याची माझी उमेद संपली होती, आणि २०२० साली नोकरीच संपली. एप्रिलमध्ये घरोघर पेपर टाकायला बंदी आली, जाहिराती आटल्या, जूनमध्ये आम्हा सातजणांना एकेक करून वरच्या मजल्यावर बोलावलं. आता मी रुग्णालयांच्या आणि पतसंस्थांच्या माहितीपत्रकांचा मजकूर लिहितो. पैसे वेळेवर मिळतात.

आबांनी चष्मा काढून पुसला. हे त्यांचं नवा मुद्दा शोधतानाचं लक्षण.

“आमच्याकडं रात्रपाळीला चार कंपोझिटर होते. केसमध्ये न बघता हात जायचा त्यांचा. रफार, उकार, जोडाक्षरं, शेकडो कप्पे. मी कॉपी वाचत असताना ते खिळे जुळवत असायचे. ऑफसेट आलं, खिळे गेले. एकजण मुद्रितशोधक झाला. एकानं ट्रेडल टाकून लग्नपत्रिका छापल्या. एक गावाकडं शेतीला गेला. आणि चौथा बिंदू चौकात पेपर विकायला बसला, आमचाच पेपर. त्यानंतर ब्रोमाइड कापून चिकटवणारे पेस्टर आले. कॉम्प्युटर आला, तेही गेले. सगळं गेलं, पण बातमी राहिली का नाही?”

“बातमी राहिली,” ती म्हणाली. “प्रश्न एवढाच आहे, की मी त्या चौघांतली कोण?”

आबांना हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. तंत्र बदललं तरी पत्रकारिता टिकते, हे वाक्य पत्रकार दिनाच्या भाषणांत किती वेळा ऐकलंय. ते खरंही आहे. पण ते बोलणाऱ्यांत कंपोझिटर कधीच नसतो.

आता पुराच्या त्या रात्रीबद्दल सांगायला हवं, कारण दोघंही तिकडेच जाणार होते.

कोल्हापूरच्या माणसाला स्वतःचा रक्तदाब आणि राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी, दोन्ही पाठ असतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. एका जुलैत, रात्री साडेअकराच्या सुमाराला पंचगंगेनं धोक्याची पातळी नुकतीच ओलांडली होती. सुतारवाड्यातली माणसं दुपारीच हलवली होती. पोरगी गंगावेशीकडून भिजून आली आणि ओल्या केसांनीच लॅपटॉप उघडून बसली. तेवढ्यात फोनवर एक क्लिप आली: राधानगरीचे सातही दरवाजे उघडलेत, पाणी शहराकडे निघालंय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक. त्यामुळे ती बातमी खोटी वाटावी असं तिच्यात काहीच नव्हतं. क्लिपमध्ये फेसाळणारं पाणी होतं, बघायला जमलेली माणसं होती, ‘लई पाणी हाय’ असं कुणीतरी ओरडत होतं.

तिनं थंबनेल बनवायला घेतलं. आबा पाण्याचा तांब्या घेऊन मागून चालले होते. ते थांबले.

“ह्या माणसांच्या तोंडाला काय बांधलंय?”

सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते. क्लिप २०२१ ची होती.

मग आबांनी टेबलावरची जुनी डायरी काढली, तिनं चार नंबर लावले. पाटबंधारे खात्यातला एक माणूस पन्नास मिनिटांनी फोनवर आला आणि सातही उघडल्याची गोष्ट खोटी असल्याचं त्यानं सांगितलं. तोवर शेजारच्या एका चॅनेलनं ती क्लिप टाकली होती. सकाळपर्यंत तिला दोन लाखांवर व्ह्यूज झाले. आमचा चिखलीचा दूधवाला रात्री एक वाजता भर पावसात म्हशी सोडून रस्त्यावर आला होता, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही म्हणून कळलं. पुतणीनं रात्री साडेबाराला टाकलेला व्हिडिओ होता: ‘बंधाऱ्यावर ४३ फूट २ इंच, दरवाजांची ती क्लिप जुनी.’ त्याला १,९०० व्ह्यूज.

“त्या रात्री तू जे केलंस ना,” आबा म्हणाले, “ते मी गावाला सांगत फिरतोय. नोकरी असती तर वरच्यानं म्हटलं असतं, टाक आधी, मग बघू. तू तुझी मालकीण होतीस म्हणून थांबू शकलीस.”

“मी तुमच्यामुळं थांबले, आबा. तुम्ही पाणी प्यायला उठला होता म्हणून.” ती जरा चिडली होती. “आणि मला सांगा, त्या पन्नास मिनिटांचे पैसे मला कुणी दिले? तुम्ही रात्री पान अडवून धरायचा, तेव्हा तुमचा पगार चालू असायचा. मी थांबते तेव्हा माझं मीटर बंद असतं. माझ्या धंद्यात थांबणाऱ्याला दंड आहे.”

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी आपलं इंदिराबाईंचं सांगायला घेतलं. आम्ही ते शंभरदा ऐकलंय, पण या वेळी ते वेगळं ऐकू आलं. ३१ ऑक्टोबर १९८४. गोळ्या घातल्याचं सकाळीच आलं होतं. दुपारी बीबीसीनं त्या गेल्याचं सांगितलं. आकाशवाणी बोलेना. खाली मशीन तयार, रस्त्यावर लोक खास अंक मागत होते. आबांनी दोन शीर्षकं जुळवून घेतली होती. एक ‘प्रकृती गंभीर’ आणि दुसरं जे सगळ्यांना ठाऊक होतं ते. दोन्ही स्टिक केसशेजारी ठेवलेल्या. टेलिप्रिंटरजवळ एक माणूस उभा केलेला. आकाशवाणीनं संध्याकाळी सहाला सांगितलं, मग मोठ्या टायपातलं दुसरं शीर्षक फॉर्ममध्ये गेलं.

“चार तास,” ती म्हणाली. “किती माणसं बसली होती त्या चार तासांत?”

आबांनी बोटांवर मोजलं. डेस्कवर पाच, चार कंपोझिटर, मशीनवर तीन, टेलिप्रिंटरवाला. “तेरा.”

“तेरा माणसांना चार तास काही न छापण्याचे पैसे मिळाले. त्यालाच मी नोकरी म्हणते.”

मला वाटतं, माध्यमांतल्या करिअरबद्दल होणाऱ्या चर्चेत हीच गोष्ट कुणी बोलत नाही. कॅमेरा शिका, एडिटिंग शिका, डेटा शिका, एआय शिका असं सगळे सांगतात, आणि शिकायला हवंच. ही पोरगी जिल्हा परिषदेच्या तीन तासांच्या सभेचं ध्वनिमुद्रण मशीनला देते आणि काही मिनिटांत त्याचा मजकूर हातात घेते. मी त्यासाठी रात्र घालवायचो. मशीननं एकदा ‘कुंभी-कासारी’ कारखान्याच्या सभेची ‘कुंभ राशीची सभा’ केली. पण ते दुरुस्त करायला अर्धं मिनिट लागतं, त्याचं भांडवल करण्यात अर्थ नाही. दूरदर्शनच्या डीडी किसाननं २०२४ च्या मे महिन्यात क्रिश आणि भूमी हे दोन यांत्रिक निवेदक आणले, ५० भाषांत बोलणारे, न थकणारे. आवाज, अनुवाद, सारांश, मथळे यांवर जगणाऱ्यांनी आता सावध असावं, हे उघड आहे. पण सभेला जाऊन तीन तास बसणं, कागद कुणी दाबून ठेवलाय ते हुडकणं, आणि पक्कं होईपर्यंत न छापणं, या कामांचे पैसे द्यायची रीत मोडली आहे. काम संपलेलं नाही. धोकाही संपलेला नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांनी दिलेली बातमी ज्या दिवशी छापून आली, त्याच दिवशी त्यांना गाडीखाली चिरडलं गेलं. त्यांच्या जागी उद्या जो उभा राहील, त्याला पगार कुणाचा असेल?

“मशीनला मास्क दिसला असता का?” आबांनी मध्येच विचारलं. ते बहुधा त्या क्लिपवरच होते.

“दिसतो की, आबा. कुणी विचारलं तर दिसतो. विचारायला कुणीतरी तिथं बसायला पायजे. तीच तर नोकरी मिळालीय मला.” तिनं ऑफर लेटर पुढे सरकवलं.

आबांनी चष्मा चढवला आणि खिशातून लाल बॉलपेन काढलं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, खिशातलं लाल पेन गेलेलं नाही. लग्नपत्रिका आली तरी ते आधी प्रूफ वाचतात. पत्र इंग्रजीत होतं. पुण्यातली एक डिजिटल कंपनी, आठ भाषांत बातम्या देणारी. मशीन मजकूर तयार करणार, माणसानं तो बघून पुढे सोडायचा. पाळी नऊ तासांची, रोज किमान ४५ बातम्या. महिना ३८ हजार.

आबांनी पेपरच्या कडेला गणित मांडलं. नऊ तास म्हणजे ५४० मिनिटं. भागिले ४५. बारा. “चहा, लघवी धरून दहा,” ते म्हणाले. “दहा मिनिटांत पाटबंधारेचा माणूस फोन उचलतो काय?”

ती गप्प.

मग ते कलमांवर आले. पदनामाखाली एक शब्द होता, त्याभोवती त्यांनी गोल केला. “हे कन्सल्टंट म्हणजे काय?”

मी सांगितलं, कारण ते मी भोगलंय. पगार नसतो, मानधन असतं. अकरा महिन्यांचा करार, १० टक्के टीडीएस कापून पैसे. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, रजेचे पैसे नाहीत.

“पुढच्या वर्षी पेरोलवर घेतो म्हणालेत,” ती म्हणाली. तिला ते आधीच माहीत होतं, हे तिच्या आवाजावरून कळलं. तरी तिला जायचं होतं. नोकरी नव्हे, पण नोकरीसारखं दिसणारं काहीतरी. दर महिन्याला तेवढाच आकडा. गळ्यात अडकवायचं कार्ड. मला तिचा राग आला नाही. दारात अडवलेल्या माणसाला कार्डाची किंमत कळते.

आबाही आता चॅनेल चालव म्हणत नव्हते. ते कागदात शिरले होते. माणसं वादात हरतात तेव्हा विषय बदलतात. आबा प्रूफ वाचायला लागतात. सातव्या कलमाशी ते थांबले. त्यात लिहिलं होतं, की प्रसिद्ध झालेल्या मजकुरातल्या चुकीची जबाबदारी तो तपासणाऱ्याची राहील. त्यांनी दोनदा वाचलं, पान उलटलं, पुन्हा मागे आले.

“जबाबदारी तुझी, हे बरोबर. आमचीबी होती. पण मजकूर अडवायचा अधिकार कुणाचा? ते कुठंच लिहिलेलं नाही.”

“सिस्टिममध्ये दोनच बटणं आहेत, आबा. ‘अप्रूव्ह’ आणि ‘एडिट’. मी डेमो बघितलाय.”

“म्हणजे न सोडायचं बटणच नाही?”

“नाही.”

आबांनी सातव्या कलमाच्या शेवटी काकपद काढलं. तेच ते उलट्या व्हीसारखं, ज्यानं त्यांनी चौतीस वर्षं सुटलेले शब्द आत घातले. समासात रेघ नेली आणि मराठीत लिहिलं: संशय असल्यास मजकूर रोखण्याचा अधिकार तपासणाऱ्यास राहील, रोखलेली बातमी ४५ मध्ये धरली जाईल.

शेवटचं अर्धवाक्य वाचून मी त्यांच्याकडे बघितलं. इतका वेळ पोरगी पैशांचं बोलत होती आणि ते स्वातंत्र्याचं. आणि शेवटी तिचा मुद्दा त्यांनी तिच्याहून कमी शब्दांत बसवला होता.

“ते हसतील, आबा.”

“हसू देत. जांभेकरांनाबी हसले असतील.”

तिनं मोबाईल काढून त्या लाल केलेल्या पानाचा फोटो घेतला आणि मेल उघडला.

“थांब, थांब,” आबा म्हणाले. “असं रंगवलेलं प्रूफ कुणी मालकाला पाठवतं काय? आधी फेअर काढ.”

तिनं लॅपटॉप घेतला. कलम सात, ते इंग्रजीत टाइप केलं, आणि समासातल्या ओळीपाशी अडली.

“रोखण्याचा अधिकार... ह्याला काय लिहू?”

“होल्ड लिही,” आबा म्हणाले. “आमच्या डेस्कवर तोच शब्द होता.”